एक रात्र मुक्कामाला

आमच्या घरमालकांना मी एका बैठकीत पुरं जेवताना कधी पाहिलं नाही. पानावर बसले, की पहिली भाकरी संपायच्या आत त्यांच्या कानावर काहीतरी यायचं. टांग्याच्या घोड्याचे घुंगरू, कुणा परक्या माणसाने रस्त्यात विचारलेला पत्ता, नाहीतर नुसतंच कुत्र्याचं भुंकणं. मग ते उठायचे. उजवा हात खरकटा, डाव्या हातात धोतराचा सोगा, आणि थेट दार. काकू, म्हणजे आमच्या मालकीणबाई, त्यांच्या ताटावर दुसरं ताट उपडं घालायच्या आणि मला म्हणायच्या, "तुमी जेवा मास्तर. गावात कोन आलं ते पाह्यल्याबगर त्याइच्या गळ्याखाली घास उतरत नाई."

मी वाशीमच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा रेल्वे येऊन बरीच वर्षं झाली होती. अकोल्याकडून आलो, स्टेशनवर उतरलो, पत्र्याची ट्रंक खाली ठेवली, तोच एक उंच, हाडकुळा, पागोटं कसंबसं गुंडाळलेला माणूस पुढ्यात येऊन उभा राहिला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"मुक्काम हो!"

"शाळेत नोकरी लागली आहे," मी म्हणालो. "बदली होईपर्यंत."

घरात पाळणा हलल्याची बातमी कळावी तसा त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी हमालाला हाक मारली. हमालाने मजुरी सांगितली. ती मला जास्त वाटली, म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच त्याच्यावर ओरडले, "एवढी जड ट्रंक अन् एवढुसेच मांगतो? आनखी दोन पैसे मांग!" आणि माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "याची बायको आमच्या गल्लीतून दूध घेते, मास्तर. तुमचे पैसे कुठी जात नाई." त्या दिवसापासून मी त्यांच्या माडीवरचा भाडेकरू झालो. भाडं बेताचं होतं, पण भाजी, कंदील, झाडू, सारं गल्लीतूनच घ्यायचं, असा त्यांचा तोंडी करार होता. एकदा मी परगावाहून आलेल्या मित्राकडून साबणाच्या वड्या आणल्या, तर दोन दिवस ते जिन्यातून वर बघत नव्हते.

लोक त्यांना 'मुक्कामभाऊ' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

आमची गल्ली जुन्या हिंगोली रस्त्याला लागून होती. रेल्वेच्या आधी निजामाच्या मुलखातली माणसं बालाजीच्या दर्शनाला दमण्या आणि छकडे जुंपून येत. मालकांच्या घरामागे दगडी कंपाऊंडचं मोठं आवार होतं, विहीर होती, चिंचेची झाडं होती. गाड्या तिथे सुटत. पद्मतीर्थाच्या तळ्यात आंघोळ, देवदर्शन हे सगळं एका सकाळीच व्हायचं, पण बैल थकलेले असायचे. बैलांना विसावा म्हणून माणसं दोन दिवस, तीन दिवस राहायची. बैलांना कडबा लागे, चाकाला लोखंडी धाव लागे, माणसांना लाकूड, दूध, तेल, भाजी लागे. स्वयंपाकाला नवी मडकी घेत आणि जाताना तिथेच टाकून जात. "बैल थकला की गाव जेवते," असं मालकांचे वडील म्हणत म्हणे.

रेल्वे आली आणि बैल थकायचे थांबले. यात्रेकरू पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले, पण सकाळच्या गाडीने उतरत, घरून बांधून आणलेल्या दशम्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून खात आणि संध्याकाळच्या गाडीला परत. गावातले वकील आणि अडते म्हणत, वाशीम सुधारलं. स्टेशनजवळ सरकी काढायचे जिन उभे राहिले होते, कापसाच्या गाठी जात होत्या, रॉकेलचे डबे येत होते. ते खोटं नव्हतं. पण आमच्या गल्लीत लोहाराने भाता गुंडाळून ठेवला होता, कडबावाल्याचा मुलगा जिनात मजुरीला लागला होता आणि सारजाबाई कुंभारणीचा मडकी भाजायचा आवा दोन-दोन महिने थंड पडून असायचा.

"रेल्वेनं मानसं वाढवली अन् राती कमी केल्या," मालक म्हणायचे. म्हणताना सुद्धा ते ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असत. "मास्तर, तुमी शिकले-सवरलेले. सांगा मले, जो सकाळी आला अन् संध्याकाळी गेला, त्यानं गावाले काय देल्लं? धूळ! अन् तोच एक रात राह्यला तर? दिव्याले तेल घेईन. सकाळी दूध घेईन. न्हाव्याले बोलावीन. पोराले भूक लागली तर शेव-मुरमुरा घेईन. मले रात पाह्यजे, मास्तर. एका मानसाची एक रात."

त्यांचं स्वतःचं पोट यात्रेकरूंवर नव्हतं. चांगली कोरडवाहू जमीन होती, कापूस पिकत होता. मी एकदा म्हणालो, तुमचं काय अडलंय? तर चालता चालता थांबले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच खाली पाहिलं. "माहं काही अडलं नाई. पन मी दारात उभा राह्यलो की मले गल्लीतल्या चुली दिसते ना."

त्यांच्या डोक्यात एकदा असं आलं, की परक्या माणसाचा पैसा गावात किती घरं फिरतो ते डोळ्यांनी पाहावं. पुसदकडच्या एका यात्रेकरूने शिध्याचा म्हणून त्यांना रुपया दिला. त्यांनी कानस घेऊन त्या रुपयावरच्या राजाच्या कानाला बारीक खाच पाडली आणि तो सारजाबाईला घागरींपोटी देऊन टाकला. मग सुरू झाली धावपळ. सारजाबाईच्या दाराशी हे उभे. तिने तो लाकूडवाल्याला दिला, हे लाकूडवाल्याच्या मागे. त्याने तेल्याला दिला. तेली बिचारा घाबरला, त्याला वाटलं रुपया खोटा आहे. तेल्याच्या घरी लेकीला लुगडं घ्यायचं होतं, म्हणून तो रुपया बाजारातल्या शेठच्या कापडदुकानात गेला आणि मालकही त्याच्यामागोमाग दुकानात शिरले.

"शेठ, आता हा कुठी जाईन?"

शेठ शांत, जाडजूड गृहस्थ होते. "मुंबईले. कापड तिथूनच येते, भाऊ."

"नका धाडू त्याले! आताच तर आला. आनखी दोन घरं हिंडू द्या."

दुकानात बसलेली माणसं पोट धरून हसली. शेठ हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, मी रुपया ठेवून घेतला तर कापड कोन देईन मले?" त्या दिवशी मालक तळ्याला कितीतरी फेऱ्या मारून परतले आणि त्यानंतर शेठची मालाची मोटारलॉरी अकोल्याहून रॉकेल आणि कापड घेऊन आली, की तिच्याकडे पाठ करून उभे राहत.

रुपयाला थांबवता येत नाही, तर माणसाला थांबवावं, असं मग त्यांनी ठरवलं, आणि इथून त्यांच्या वागण्याला वेगळंच वळण लागलं.

वाशीमला एकशे आठ तीर्थं आहेत, असं जुनी माणसं सांगत. त्यांतली बरीच बुजली होती, काहींची जागाही कुणाला ठाऊक नव्हती. मालकांना मात्र सगळी ठाऊक झाली. ते स्टेशनावरून यात्रेकरूंना घेऊन यायचे, दर्शन करवायचे आणि मग एकेक कुंड, एकेक बारव दाखवत गावाला वळसा घालायचे. सावलीला बसलेला यात्रेकरू विचारायचा, "गाडीला वेळ किती?" मालक सूर्याकडे बघून म्हणायचे, "लय वेळ हाये. हे एक तीर्थ राह्यलं तर सारं पुन्य अर्धं." ओसरीतलं घड्याळ ते मागे करून ठेवत. काकू ते बरोबर लावत, हे पुन्हा मागे करत. गाडीची शिट्टी ऐकू यायची तेव्हा मंडळी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला असायची. मालक कपाळावर हात मारून म्हणायचे, "अरे बाप्पा! गेली वाटते. चला, आता घरी चला, आवार मोठं हाये."

मग गल्ली जागी व्हायची. सारजाबाई घागरी घेऊन यायची, तेली तेल घेऊन, माळीण वांगी घेऊन. चिडलेले यात्रेकरू गरम भाकरी आणि ठेचा खाल्ल्यावर निवळायचे. काही तर जाताना म्हणायचे, बरं झालं गाडी चुकली. मालकांना मोठा हुरूप यायचा. मला ते बरोबर वाटत नव्हतं. एकदा बोललोही. पण सगळी गल्ली त्यांच्या बाजूने होती, आणि खरं सांगायचं, तर खाली पाहुणे आले की मलाही बरं वाटायचं. माडीवरच्या एकट्या माणसाला खालचा गलका सोबतीसारखा असतो.

कुठून आलात, किती दिवस, काय घेतलं, हे ते प्रत्येकाला विचारत. 'काहून आले', म्हणजे का आलात, हे मात्र त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.

पौषातली गोष्ट. मी शाळेतून परतलो तर ओसरीवर एक बाई बसली होती. चाळिशीची, नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. मांडीवर तांब्याचा गडू, त्याचं तोंड फडक्याने बांधलेलं. मालक तिच्या समोरून ये-जा करत नेहमीचं बोलत होते, "आता गेली गाडी, त्याले इलाज नाई. उद्या सकाळी जा. आमच्या इथं बाईमानसाले काही भेव नाई."

बाई ओरडली नाही, रडली नाही. हिंगोलीपलीकडच्या बोलीत तिने विचारलं, "दुसरी गाडी कवा हाय?"

"उद्या."

"उद्या सकाळी माझ्या लेकराचा पाय कापणार हायेत."

मालक चालायचे थांबले.

तिने सांगितलं ते असं. तिचा एकुलता एक मुलगा मजुरीला अकोल्याला होता. कापसाच्या गाठींनी भरलेली गाडी त्याच्या पायावरून गेली. पाय सडत चालला होता. डॉक्टर म्हणाले, पाय काढावा लागेल, आणि मुलगा अशक्त आहे, तेव्हा काही सांगता येत नाही. ती बालाजीला नवस बोलली होती, म्हणून दिराला मुलापाशी ठेवून ती सकाळच्या गाडीने तीर्थ न्यायला आली होती. संध्याकाळी परत जायचं होतं. "तुमाला दोनदा इचारलं मी, भाऊ, गाडीचं," ती म्हणाली. "तुमी म्हनले, लई येळ हाय."

मी त्या माणसाला तेव्हा प्रथमच स्थिर उभं पाहिलं. काकू दारात आल्या होत्या. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "अहो." तेवढ्याने मालक भानावर आले आणि पळत सुटले. मी त्यांच्यामागे.

ते सरळ बाजारात शेठच्या दुकानाशी गेले. लॉरी दाराशी उभी होती. माल उतरवून झाला होता आणि ती सकाळी परत जायची होती. मालकांचं पागोटं सुटून गळ्यात आलं होतं. त्यांनी सगळ्या दुकानादेखत शेठचे पाय धरले.

"शेठ, लॉरी आताच धाडा. मी एका बाईची गाडी चुकवली."

"चुकवली म्हंजे?"

"मुद्दाम चुकवली. तिचा पोट्टा मरून राह्यला तिकडं."

शेठनी त्यांना उठवलं. ड्रायव्हरला हाक मारली आणि मालकांना म्हणाले, "रिकामीच जाते ती. बसा तुमी बी. घाटात एकट्या बाईले सोबत पाह्यजे." दिवेलागणीला लॉरी निघाली. बाई पुढे ड्रायव्हरशेजारी, गडू छातीशी धरलेला, आणि मागे रिकाम्या डब्यांमध्ये मालक, उभेच.

आठवडा गेला. काकू रोज स्टेशनवर जाऊन यायच्या. ज्या बाईने आयुष्यभर दारात वाट पाहिली, ती फलाटावर उभी राहायची. शेवटी मालक आले. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी सदरा. ओसरीत शिरून त्यांनी आधी घड्याळाखाली उभं राहून ते बरोबर लावलं. मग फिरायला लागले.

"पोट्टा वाचला," म्हणाले. "गुडघ्याखाली पाय गेला. आमी पोचलो तेव्हा त्याले आत नेऊन राह्यले होते. तिनं तीर्थाचं बोट लावलं त्याच्या व्हटाले. एवढंच जमलं."

"बाई काही बोलल्या?"

"मी सांगतलं तिले. म्हनलं, गाडी मीच चुकवली. ती म्हने, मला ठाव हाय." ते भिंतीपर्यंत जाऊन वळले. "मास्तर, त्या दवाखान्यासमोर एक रस्ता हाये. तथी मुक्कामच मुक्काम. कोनाचा बाप आत, कोनाची बायको आत. म्हून मानसं पडून हायेत. डोकं टेकवाले पडवी, तिचे पैसे. तांब्याभर पान्याचे पैसे. शिळ्या भाकरीचे ताज्या भाकरीएवढे पैसे. सारे दुकानदार खुश. मी सात दिवस पाह्यलं, अन् म्हनलं, गड्या, हेच तर तू मांगून राह्यला होता. मानूस अडला पाह्यजे, थांबला पाह्यजे, अन् त्याच्या अडचनीवर आपली चूल पेटली पाह्यजे."

ते बाहेर निघून गेले.

त्यानंतर त्यांनी स्टेशनवर जाणं सोडलं. पण बसणं त्यांना येत नव्हतंच. शेतावर जात, अर्ध्या वाटेतून परत येत. विहिरीवर जात, पोहरा न सोडताच माघारी येत. आवारात शेळ्या चरायला लागल्या. आणि गल्लीत पुन्हा सुतकी शांतता आली. पहिल्यांदा लोकांना त्यांची दया आली, मग राग आला. एका सकाळी सारजाबाई आमच्या ओसरीपुढे येऊन उभी राहिली. ठेंगणी, काळीसावळी, हात कोपरापर्यंत मातीचे.

"भाऊ, तुमचं पाप फिटन तेव्हा फिटन. आमचा आवा कधी पेटन?"

"मी आता कोनाले थांबवनार नाई, सारजा."

"थांबवा असं कोन म्हन्ते? पन मानसानं सोता थांबावं असं काही हाये का या गावात? दिवसा देव पाह्यला, झालं. संध्याकाळी काय पाहाचं? तुमाले?"

ती तणतणत निघून गेली. मालकांनी पायात जोडा न घालताच तिचं घर गाठलं. मी वरून ऐकत होतो. अर्धा तास दोघं भांडत होती, आणि भांडणातून पणत्यांचा विषय निघाला.

कार्तिकात घरोघरच्या बायका तळ्यावर एखादी पणती लावीतच. मालकांनी ठरवलं, की कार्तिकभर रोज संध्याकाळी पद्मतीर्थाच्या पायऱ्या दिव्यांनी भरायच्या. पणत्या सारजाबाईच्या, तेल गल्लीतल्या घाण्याचं, वाती पिंजाऱ्याच्या घरच्या कापसाच्या. पहिल्या वर्षाचा सगळा खर्च त्यांनी आपल्या कापसातून केला. पहिल्या संध्याकाळी वारा असा सुटला, की एक पणती लावावी तर दुसरी विझे. पायऱ्यांवर आम्ही गल्लीतलेच तेवढे, आणि मालक काडेपेटी घेऊन वरखाली पळताहेत. लोक हसले. दुसऱ्या दिवशी सारजाबाईने काठ उंच केलेल्या पणत्या आणल्या. त्या टिकल्या. तळ्याच्या चारी बाजूंना उजेड पाण्यात उतरला, तेव्हा हसणारेही पायऱ्यांवर येऊन बसले.

मालक पुन्हा स्टेशनवर जायला लागले. आता त्यांचा पहिला प्रश्न असे, "काहून आले, बाप्पा? कोनी आजारी हाये का घरी? कोर्टाची तारीख?" ज्याला परतायचं असेल त्याला ते स्वतः गाडीत बसवून द्यायचे, आणि तेही गाडीच्या इतकं आधी, की माणसं कंटाळून जायची. उरलेल्यांना म्हणायचे, "दिवे पाहाचे असन तर राहा. नाई पाहाचे तर जा, बालाजी रागावत नाई." तळं ते स्टेशन, स्टेशन ते तळं, असा त्यांचा तो महिना जायचा. काकूंच्या त्या उपड्या ताटाला महिनाभर विश्रांती नसायची.

माणसं थांबली. लगेच नाही. पहिल्या कार्तिकात थोडी, पुढच्यात आवार भरलं, आणि शेजाऱ्यांनी आपल्या पडव्या सारवून दिल्या. जिनातून कडबावाल्याचा मुलगा परत आला नाही, लोहाराचा भाताही तसाच राहिला. गेलेलं सगळं काही परतलं नाही. पण राहिलेल्या बायका सकाळी बाजारात जाऊन विचारू लागल्या, "इथलं काही लुगडं हाये का? वाशीमची आठवण म्हणून?" शेठनी आधी मुंबईचंच दाखवलं. मग एक दिवस आसपासच्या कोष्ट्यांकडून चार लुगडी आणून दर्शनी खुंटीला टांगली. ती गेली. मग आणखी आणली. मालक त्या खुंटीखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हा रुपया मुंबईले जानार नाई." शेठ म्हणायचे, "भाऊ, सरका जरा. गिऱ्हाइकाले येऊ द्या."

त्या दुसऱ्या कार्तिकातच गाडी चुकलेली ती बाई आली. बरोबर तिच्या गावची आठ-दहा माणसं, आणि काखेत कुबडी घेतलेला मुलगा. मालकांनी तिला फलाटावर लांबून ओळखलं आणि चक्क पळ काढला. काकूंनी मंडळींना घरी आणलं, पाय धुवायला पाणी दिलं. मला म्हणाल्या, "जा, आना त्याइले. सारजाकडं लपले असन."

ते खरंच तिच्या चाकामागे बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन. म्हणाले, "मास्तर, त्या पोट्ट्याच्या पायाकडं मी कसा पाहू?"

मी समजूत घालत होतो, तेवढ्यात ती बाई मुलाला घेऊन दारात उभी राहिली. कोवळ्या मिशा फुटलेला, हसरा पोरगा होता.

"भाऊ, पाय तर जाणारच व्हता," बाई म्हणाली. "तुमी गाडी चुकवली म्हून गेला नाय. पर त्या सात दिसांत तुमी माझ्या लेकराचं हागणं-मुतणं काढलं. माझ्या दिरानं नाय काढलं."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगा कुबडी टेकवत पुढे आला आणि म्हणाला, "मामा, दिवे कवा लावता? मला बी लावायचे हायेत."

ती मंडळी तीन दिवस राहिली. जाताना बाईने बरोबरच्या एका सवाष्णीकडून काकूंची ओटी भरवली आणि दोघांना बोलावणं दिलं. मुलगा गावात शिवणकाम करू लागला होता, वैशाखात त्याचं लग्न होतं.

आमचे मालक जन्मात कुणाकडे पाहुणे म्हणून गेले नव्हते. अकोल्याचा तो आठवडा सोडला, तर ते कधी गावाबाहेर झोपले नव्हते. जावं की न जावं, यावर त्यांनी ओसरी झिजवली. शेवटी काकूंनीच दमणी जुंपायला लावली. हिंगोलीच्याही पुढे, गाडीवाटेने जायचं होतं. दोघं गेली.

ती परतली तेव्हा दुपारची वेळ होती आणि शाळेला सुटी होती. बैलांच्या घुंगरांच्या आवाजाने मी खाली आलो, तर दमणीतून काकूंचं फक्त तोंड दिसत होतं. बाकी सगळी दमणी भरलेली. धनगरी घोंगड्या, अंबाडीच्या दोरांची भेंडोळी, बुरडाच्या सुपल्या, त्यांवर एक पितळी घंटा, आणि मागे गवतात रचून ठेवलेली मडकी. मोठी, छोटी, रांजणाएवढी एक. मालक दमणीत जागा नसल्याने बैलांपुढे चालत आले होते, अनवाणी. जोडा तिथल्या एका म्हाताऱ्याला देऊन टाकला होता.

"पैसा ठेवला नाई जवळ एक," काकू खाली उतरता उतरता म्हणाल्या. "लगन राह्यलं बाजूले. हे आपले घराघरांत! तू काय इनतो, तू काय करतो, दे मले दोन. मले उतरू द्या आधी, माही कंबर गेली."

गल्ली गोळा झाली. सारजाबाई पुढे आली. तिने घोंगड्या पाहिल्या, दोर पाहिले आणि मग गवत बाजूला सारून मडकी पाहिली. कमरेवर हात ठेवून ती मालकांकडे वळली.

"हे काय हाये?"

"मडके."

"ते दिसते मले. मी काय मेली का, भाऊ? साऱ्या जगाले सांगता गल्लीतलं घ्या, अन् सोता परमुलखातून गाडीभर मडके आनता?"

सगळे मालकांकडे बघायला लागले. मालक एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले.

"सारजा," ते म्हणाले, "तथी मी पाहुना होतो."

तिचे हात कमरेवरच होते.

"लहानसं गाव हाये त्याइचं, माय. कुंभाराचं एकच घर. आमी एवढी मानसं गेलो, जेवलो, त्याइच्या विहिरीचं पानी पेलो. तसंच उठून याचं का?"

सारजाबाईने एक मडकं उचललं. उलटं धरलं, बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. पुन्हा टिचकी मारली.

"आवा चांगला लावते तो," ती म्हणाली. मग मालकांकडे वळून, "किती दिवस राह्यले?"

"पाच."

"पाच दिवस राह्यले, अन् एवढुसेच आनले?"

ती दोन मडकी दोन काखांत घेऊन घराकडे चालू लागली. मालक बैल सोडायचं विसरले आणि त्या कुंभाराची माती कुठली, त्याला पोरं किती, तो लाकूड कुठून आणतो, हे सगळं सांगत तिच्या मागोमाग गेले. काकूंनी सुस्कारा टाकला आणि बैलांच्या मानेवरचं जू स्वतःच्या हाताने उतरवलं.